अभ्यासाचा वेळ आणि अभ्यासाची वेळ



या पुस्तिकेतील घटकांकडे वळण्यापूर्वी एका अशा विषयावर तुमच्याशी बोलायचे आहे, जो अभ्यासक्रमात नाही, पण ज्याच्यामुळे अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटतो. गेली अनेक वर्षे मी अंबाजोगाई परिसरातील एका अभ्यासकेंद्रावर रविवारी संमंत्रक म्हणून शिकवते. प्रवेशानंतरच्या पहिल्या संपर्कसत्राला बाके अपुरी पडतात. दिवाळी उलटली की तोच वर्ग विरळ होतो. गळालेल्यांपैकी कोणी बसस्थानकावर किंवा बाजारात भेटले की बहुधा एकच वाक्य ऐकू येते : "मॅडम, वेळच मिळंना बघा." आणि हे सांगताना सांगणाऱ्याची मान खाली गेलेली असते. ती खाली जाण्याचे काही कारण नाही, असे माझे मत आहे.

आपण भाषेचे अभ्यासक आहोत, तेव्हा आधी त्या वाक्याचे व्याकरण पाहू. 'मला भूक लागली', 'मला ताप आला', 'मला वेळ मिळाला नाही' ही तिन्ही वाक्ये एकाच घडणीची आहेत. 'मी' येथे करणारा नाही. 'मला' काहीतरी होते आहे, घडते आहे. ताप आणणे जसे माझ्या हाती नाही, तसे वेळ मिळणेही नाही, असे मराठी वाक्यरचना सांगते. अशा विद्यार्थ्याला आपण 'बहाणे करतो' म्हणतो. माझ्या मते तो आपल्या स्थितीचे नेमके वर्णन करत असतो.

आता 'वेळ' हा शब्द घ्या. तो मराठीत दोन लिंगांत चालतो, हे तुम्ही बोलताना रोज पाळता, पण क्वचितच लक्षात घेता. 'बराच वेळ गेला', 'थोडा वेळ थांबा', 'थोड्या वेळाने या' येथे तो पुल्लिंगी आहे. 'एसटीची वेळ झाली', 'औषधाची वेळ टळली', 'वेळेवर या' येथे ती स्त्रीलिंगी आहे. पुल्लिंगी वेळ म्हणजे परिमाण. तो पुरतो, उरतो, वाया जातो. त्याचे अनेकवचन आपण करत नाही, जसे पाण्याचे करत नाही. स्त्रीलिंगी वेळ म्हणजे काळाच्या ओघातली एक खूण. ती येते, होते, पाळली जाते. तिचे अनेकवचन होते : गाडीच्या वेळा, दूध काढण्याच्या वेळा.

घरात, शेतात, नोकरीत जे काही नियमाने घडते, ते सारे स्त्रीलिंगी वेळेच्या आधारे घडते. म्हशीची धार काढायला कोणी 'वेळ मिळाला तर' जात नाही. धारेची वेळ असते. अभ्यास मात्र आपण पुल्लिंगी वेळावर सोडून दिलेला असतो; सगळे आवरल्यावर उरेल त्यात करू, असे म्हणतो. तुमच्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्याच्या घरी तो उरत नाही. म्हणून मी सांगते, अभ्यासाला वेळ शोधणे सोडा आणि अभ्यासाची वेळ ठरवा.

यावर तुम्ही म्हणाल, हे तर सगळेच सांगतात. पहाटे चारला उठा आणि रोज दोन तास वाचा. माझे म्हणणे ते नाही. 'रोज' या शब्दाशी माझे जुने वैर आहे. रोजचे वेळापत्रक आखणारा माणूस असे गृहीत धरतो, की दिवस आपल्या मालकीचा आहे. बीड जिल्ह्यात किती जणांचा दिवस स्वतःच्या मालकीचा आहे? शेतीपंपांची थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत दारे धरायला गेलेला विद्यार्थी पहाटे पुस्तक उघडून बसेल ही अपेक्षाच क्रूर आहे. आपल्या शहरांतून नळाचे पाणी कित्येक दिवसांआड येते आणि ज्या दिवशी येते तो दिवस पाण्याचा होतो. तुमच्यात अंगणवाडी सेविका आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, एसटीचे वाहक आहेत. त्यांचा दिवस सर्वेक्षणाचा, लसीकरणाचा, ड्यूटीचा असतो. दिवस हे फार लहान भांडे आहे. एक पाहुणा आला तरी ते सांडते. आणि 'रोज' ठरवलेले एकदा सांडले की भरून काढायची सोयच उरत नाही, कारण उद्याचे दोन तास उद्याच्या नावावर आधीच लिहिलेले असतात.

आठवडा हे बेताचे भांडे आहे. मंगळवारी हुकलेले शुक्रवारी भरून निघू शकते. महिना पगारदारांना आणि बँकांना सोयीचा. आपल्याकडचे बहुतेक संसार बाजार ते बाजार चालतात. मजुरीचा हिशेब बाजाराच्या आदल्या दिवशी, मीठ-मिरची बाजारातून, उसनेपासने फेडायचे तेही बाजाराच्या दिवशी. घरातली बाई कोणतेही पुस्तक न वाचता दर आठवड्याला एक नियोजन करते : किती पैसे, किती तोंडे, तेल किती दिवस पुरेल, भाजी कोणत्या वारापर्यंत टिकेल आणि त्यानंतर बेसन-पिठल्यावर किती दिवस काढायचे. आठवड्याचे नियोजन शिकायला तुम्हाला दूर जायचे कारण नाही. ते तुमच्या स्वयंपाकघरात चालू आहे. फक्त त्यात अभ्यासाचा जिन्नस घालायचा आहे.

सात दिवसांच्या या गटाला आपण 'आठवडा' का म्हणतो, हा प्रश्न वर्गात दरवर्षी निघतो. सप्ताह सातांचा, मग आठवडा आठांचा कसा? उत्तर आपल्या मोजण्याच्या रीतीत आहे. आज बुधवार असेल, तर पुढच्या बुधवारी 'आठ दिवस झाले' असे आपण म्हणतो. म्हणजे निघालेला दिवस आणि पोहोचलेला दिवस, दोन्ही मोजतो. दहावा-तेरावाही आपण असाच मोजतो. फ्रेंच भाषकही बोलताना आठवड्यासाठी 'आठ दिवस' असे म्हणतात, तेव्हा हा आपलाच वेंधळेपणा आहे असे समजू नका. (आठवडा आणि आठवण यांचे नाते जोडणारा एक तरी विद्यार्थी दरवर्षी भेटतो. कल्पना गोड आहे, पण ते ध्वनिसाम्य आहे, त्यापलीकडे काही नाही.) मला या मोजणीत एक व्यवहार दिसतो. बाजाराचा दिवस मागच्या आठवड्याचा शेवट असतो आणि पुढच्याची सुरुवातही. हिशेब करण्याची जागा तीच. आठवड्याचा कागद बसून लिहायचा तो या सांध्यावर.

हे मला कोणी शिकवले नाही, चुकतमाकत उमगले. वीसेक वर्षांपूर्वी मी नोकरी आणि संसार सांभाळून पीएच.डी. करत होते. विषय आपल्या भागातील बोलीच्या क्रियारूपांचा : 'करायलाव', 'जायलो', 'काय करायलीस' या रूपांचा. पहिल्या वर्षी मी भिंतीवर वेळापत्रक लावले होते, रोज पहाटे साडेचार ते साडेसहा. एका वहीत रोजची नोंद करत असे. पुढे ती वही चाळली, तर पानामागून पान एकच शब्द : 'राहिले'. मुलांची आजारपणे, पाणी, परीक्षांचे पेपर तपासणे. त्या काळात मला माझ्या बुद्धीचीच शंका येऊ लागली होती. एक गोष्ट मात्र त्या वर्षात जवळजवळ कधीच चुकली नव्हती. केज, धारूर आणि आसपासच्या गावांच्या आठवडी बाजारांत मी बोलीचे नमुने गोळा करायला जात असे. ते काम चालू राहिले. का राहिले, हे मला सासूबाईंच्या एका वाक्यातून कळले. मी एकदा घरातले काहीतरी काढून बसले होते, तर त्या म्हणाल्या, "आज तुझा बाजार आहे ना? मग जा की. पोरांचं मी बघते." माझा पहाटेचा अभ्यास घरात कोणाला माहीत नव्हता, तो माझा खाजगी निश्चय होता. माझा बाजार सगळ्यांना माहीत होता. त्याची वेळ झालेली होती.

तेव्हापासून मी घरातली पहाट सोडून दिली. आठवड्यातल्या तीन वेळा ठरवल्या, घरात मोठ्याने सांगितल्या आणि त्यांतली एक बुडाली तरी दोन शिल्लक राहतील अशा बेताने काम वाटले. प्रबंध नियोजित मुदतीपेक्षा उशिराच झाला. पण झाला.

आठवड्यात मोठे काम कसे बसवावे, याचा आपल्या गावांना मुरलेला अनुभव आहे, तो अखंड हरिनाम सप्ताहाचा. तुमच्यातले बरेच जण अशा सप्ताहात वाढले असतील. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून केवळ रचना पाहा. ज्ञानेश्वरी सुमारे ९,००० ओव्यांची. एकट्याने मनाशी धरून वाचायला घेतली तर बहुतेकांची पहिल्या दोन-तीन अध्यायांतच राहते. गाव ती सात दिवसांत पुरी करते, म्हणजे दिवसाला सरासरी १,३००च्या आसपास ओव्या. विभागणी अध्याय मोजून करता येत नाही, कारण बाराव्या अध्यायाच्या ओव्या २५०च्याही आत आहेत आणि अठराव्याच्या १,८००च्या वर. पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली आणि ती साऱ्या गावाला ठाऊक. पंगत कोणत्या दिवशी कोणाची, हेही आधी ठरलेले. सात दिवस झाले की आठव्या दिवशी काला. त्या दिवशी पारायण नसते. मी याला नियोजनाचा उत्तम नमुना मानते आणि त्यातून दोन गोष्टी उचलते. पहिली अशी, की या पुस्तिकेचे घटकही सारख्या वजनाचे नाहीत. कवितेचा घटक आणि स्वनिमविचाराचा घटक पानांनी सारखे दिसले तरी दुसऱ्याला तिप्पट वेळ लागतो, म्हणून 'आठवड्याला एक घटक' हा हिशेब फसवा आहे. दुसरी गोष्ट, काल्याची जागा मोकळी ठेवावी. ठरवलेल्या वेळांपैकी एकीत मुद्दाम काहीही लिहू नये. आठवड्याचे सांडलेले तिच्यात भरता येते आणि काही सांडलेच नसेल, तर ती तुमची सुटी.

सुटीचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर करते. रविवारची सुटी आपल्याला आपोआप मिळालेली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही मुद्दा त्यांनी मांडला असे सांगतात. १० जून १८९० रोजी ती मागणी मान्य झाली. आमच्या मराठवाड्यात निजामी राजवटीत कचेऱ्यांची सुटी शुक्रवारी असे. रविवार पुढे आला. काही गावांत अजूनही सोमवारी औत धरत नाहीत, म्हणजे बैलालाही त्याचा वार आहे. घरातल्या बाईला मात्र तो १० जून अजून उजाडलेला नाही. तुमच्यापैकी ज्या विद्यार्थिनी रविवारी संपर्कसत्राला येतात, त्या सुटीच्या दिवशीचा जास्तीचा स्वयंपाक पहाटे उरकून आलेल्या असतात, हे मला त्यांच्या डोळ्यांवरच्या झोपेवरून कळते. अशा विद्यार्थिनीला 'वेळेचे नियोजन कर' असे सांगणे पुरेसे नाही. तिच्या वेळेवर ज्यांचा ज्यांचा हक्क चालतो, त्यांच्याशी तिला करार करावा लागतो. नियोजनाच्या पुस्तकांत हा करार नसतो, कारण ती पुस्तके बहुधा स्वतःचे टेबल असलेल्या माणसाने लिहिलेली असतात.

म्हणून माझी सूचना अशी, की नियोजन वहीत लपवू नका. आपल्या बहुतेक स्वयंपाकघरांत 'कालनिर्णय' किंवा तसली एखादी दिनदर्शिका खिळ्याला टांगलेली असते. तिच्या चौकटींत दुधाचा रतीब, गॅसची तारीख, बचतगटाची बैठक लिहिलेली असते. तिथेच तुमच्या अभ्यासाच्या वेळा लिहा, घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. लिहिताना क्रियापदाकडेही लक्ष द्या. 'व्याकरण वाचायचे आहे' या वाक्यात ना वार आहे ना शेवट. असे वाक्य वर्षभर तसेच टांगून राहू शकते. 'गुरुवार, रात्री ९ ते १०.३०, लिंगविचार, पहिली आठ पाने' हे पूर्ण होऊ शकणारे काम आहे.

तासांचा हिशेबही प्रामाणिकपणे करू. मुक्त शिक्षणाच्या व्यवस्थेत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला १२० तास. सहा महिन्यांच्या सत्रातले २४ आठवडे धरले तर आठवड्याला ५ तास. असे चार अभ्यासक्रम एकदम असतील तर २० तास. यात संपर्कसत्रे आणि स्वाध्याय धरलेले आहेत, तरीही शेत, नोकरी किंवा चूल सांभाळणाऱ्याने आठवड्याला २० तास काढणे मला अवघड दिसते आणि तसे न म्हणणे ही फसवणूक ठरेल. मी माझ्या विद्यार्थ्यांना नऊ-दहा तासांवर थांबायला सांगते : दीड-दोन तासांच्या तीन-चार बैठका आणि उरलेले सुटे अर्धे-अर्धे तास. बैठकीत अवघड ते, म्हणजे भाषाविज्ञान, समीक्षेचे सिद्धान्त, स्वाध्यायाचे लेखन. सुट्या अर्ध्या तासात कविता, उदाहरणे, झालेल्याची उजळणी. एसटीच्या प्रवासात हे छान होते. वीस तासांचा आराखडा आखून तिसऱ्या आठवड्यात मोडण्यापेक्षा दहा तासांचा परीक्षेपर्यंत टिकलेला बरा. ज्यांना तेवढेही जमणार नाही, त्यांनी एका सत्रात कमी विषय घ्यावेत आणि पदवीला एक-दोन वर्षे जास्त लागू द्यावीत. मुक्त विद्यापीठातले 'मुक्त' याच सोयीसाठी आहे. एक सल्ला मात्र मी कधीच देत नाही : भाकरी थापताना पाठाची ध्वनिफीत ऐका, असा. कामात काम घुसवून बाईचे उरलेसुरले मनही कामाला जुंपण्याचा तो प्रकार आहे आणि त्यातून धड पाठही डोक्यात जात नाही.

आठवडा बुडाला तर काय? बुडेल. लग्नसराईत बुडेल, पेरणीत बुडेल. बुडालेल्या आठवड्याचे ओझे पुढच्यावर चढवू नका. आपल्या जिल्ह्याला उचल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. यंदा फिटली नाही की ती पुढच्या हंगामावर जाते, त्यावर नवी चढते आणि माणूस कामाने नाही तर बाकीने थकतो. अभ्यासाची बाकी अशी साठू देऊ नका. सांध्याच्या दिवशी बसा, बुडालेल्यातले अत्यावश्यक तेवढे काल्याच्या जागेत घाला, बाकीवर काट मारा. काट मारलेला घटक परीक्षेत आला तर येईल.

आणि उचलीचा उल्लेख केला, तेव्हा तिच्यामुळे ज्यांचे गाव सुटते त्यांना वगळून पुढे जाता येणार नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्यात आपले विद्यार्थीही असतात. तिथे आठवडा नसतो. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरायची, कोयता थांबला तर मजुरी थांबली. पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला आठवड्याचे वेळापत्रक आखून देण्याचे धाडस मला होत नाही. त्याचे एकक वर्ष आहे. हंगाम संपल्यावर गावी परतल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचे महिने एवढाच त्याचा अभ्यासकाळ. त्यातही मृगाच्या पेरण्या आहेत, तरी त्या काळात आठवड्याचा हिशेब त्यालाही लागू पडतो. स्वाध्याय तेव्हाच लिहून द्यावेत, निघताना सोबत फक्त कथा-कवितांचे एखादे पुस्तक न्यावे. याउपर जे करायचे आहे ते विद्यार्थ्याने करायचे नाही. परीक्षांच्या आणि स्वाध्यायांच्या तारखा आखणाऱ्या आम्हा मंडळींनी ऊस गाळपाचा हंगाम समोर ठेवून त्या आखल्या, तर गळतीतली काही नावे परत पटावर येतील, असे मला वाटते. मी हे बैठकांतून बोलत आले आहे आणि येथेही नोंदवून ठेवते.

तुम्ही ही पुस्तिका हाती घेतलीत तो जो कोणता वार असेल, त्याच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी अर्धा तास काढा. आधी दुसऱ्यांचे हक्क लिहा : पाण्याचा दिवस, विजेची पाळी, ड्यूटी, बैठक. मग उरलेल्या जागांत तीन-चार वेळा ठरवा, एक मोकळी ठेवा आणि घरात सांगून टाका. पुढच्या संपर्कसत्राला येताना दिनदर्शिकेचे ते पान सोबत आणा, काटाकाट झालेले असले तरी चालेल. नामाच्या लिंगविचाराचा घटक आपण त्या पानावरूनच सुरू करू.